चित्रकलेवर पोट भरते काय?

गेल्या चैत्रातील गोष्ट. संध्याकाळच्या सुमारास एक गृहस्थ आपल्या मुलीस घेऊन माझ्याकडे आले. गृहस्थ नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात नोकरीस आहेत. मुलगी बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. कुशल प्रश्न झाले, चहा झाला आणि मग त्यांनी मुद्द्यास हात घातला. "गुरुजी, हिला काही सांगा. मार्क चांगले पडतील, इंजिनिअरिंगला सहज जाईल. पण हिचे एकच, ग्राफिक डिझाइन शिकणार. शाळेत तुम्ही हिला चित्रकला शिकवलीत, तुमचे ऐकेल. चित्रे काढून पोट भरते काय?"

श्रोतेहो, हा प्रश्न मी शिक्षकीच्या उभ्या आयुष्यात इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याचे उत्तर मला तोंडपाठ झाले होते. विचारणाऱ्यास जे हवे असे तेच मी सांगत असे. त्या दिवशी मात्र ते उत्तर माझ्या ओठांवर आले नाही. त्याचे कारण पुढे सांगेन.

मी म्हटले, "आपल्या खिशात वीस रुपयांची नोट असली तर जरा द्या." त्यांनी दिली. २०१९ साली निघालेली ती हिरवट पिवळी नोट आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या पाठीवर आपल्या वेरूळची लेणी आहेत. डाव्या अंगास एक अरुंद उभी पट्टी आहे आणि तीत पंधरा भाषांतून 'वीस रुपये' असे लिहिले आहे. बंगाली, गुजराती, कानडी, मल्याळम, तमिळ, उर्दू, प्रत्येक लिपीचे वळण निराळे, उंची निराळी; कोणी उजवीकडून चालते, कोणी डावीकडून. मराठी, कोंकणी, नेपाळी आणि संस्कृत ह्या चौघी तर एकाच देवनागरीत. अंगठ्याएवढ्या जागेत ह्या सगळ्यांनी एकमेकींस धक्का न लावता उभे राहावयाचे आणि दिव्याच्या अंधुक उजेडातही वाचता यावयाचे. मी गृहस्थांस विचारले, "ही पट्टी ज्या कोणी बसविली, त्याने आपले पोट कशावर भरले असेल?"

त्यांनी नोट पुन्हा हातात घेतली, चष्मा कपाळावर चढविला आणि ते म्हणाले, "गुरुजी, बावीस वर्षे मी नोटांतच वावरतो आहे, पण नोट वाचली अशी आजच."

१९२८ पर्यंत आपल्या देशाच्या नोटा इंग्लंडातून छापून येत. त्या वर्षी नाशिकरोडचा छापखाना सुरू झाला. आज देवास, म्हैसूर आणि सालबोनी येथेही नोटा छापल्या जातात. नोटेवरील आकड्याअलीकडे रुपयाची जी खूण असते, ती २०१० साली सरकारने स्वीकारली. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' ह्यांचा मेळ घालून ती डी. उदय कुमार ह्यांनी रेखाटली. ते तेव्हा मुंबईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अक्षररचनेवरच प्रबंध लिहीत होते. मूळची तमिळ भाषा बोलणाऱ्या एका विद्यार्थ्याने शिरोरेषेचे मर्म ओळखावे आणि आम्ही जन्मभर ती रेघ ओढूनही तिच्याकडे पाहू नये, ह्याचे मला नेहमी नवल वाटते.

ह्या विद्येस आपल्याकडे पूर्वी 'कमर्शियल आर्ट' म्हणत, पुढे 'उपयोजित कला' हे नाव रूढ झाले. पुस्तकाचे मुखपृष्ठ, औषधाचे वेष्टण, दुकानाची पाटी, बँकेचे बोधचिन्ह, आगगाडीच्या स्टेशनावरील फलक, मोबाइलच्या पडद्यावरील बटणे, हे सारे तिच्या प्रांतात येते. हा चित्रकार स्वतःच्या मनातले चित्र काढीत नाही. दुसऱ्याचे म्हणणे तिसऱ्यास कळेल असे मांडून देतो.

नाशिककरांना हा पेशा परका वाटावा असे तर मुळीच नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटाचे जनक म्हणून आपण ओळखतो. परंतु चित्रपटापूर्वी ते काय करीत होते ह्याकडे कोणी लक्ष देत नाही. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. तेथे छायाचित्रण, शिळाछाप, ठसे करण्याची विद्या असे जे जे मिळाले ते ते त्यांनी आत्मसात केले. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचे काम त्यांनी केले, स्वतःचा छापखाना काढला आणि १९०९ साली तीनरंगी छपाईचे तंत्र पाहण्यासाठी जर्मनी गाठली. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. म्हणजे चाळिशी उलटेपर्यंत हा मनुष्य आजच्या भाषेत ग्राफिक डिझाइनरच होता! १९४४ साली नाशिकातच त्यांचा अंत झाला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. तेथे आपण मुलांना फिरावयास नेतो. पण ह्या गृहस्थाने हात कोठे आणि कसा तयार केला, हे मुलांस सांगत नाही.

आता शिक्षणाकडे वळतो. जे. जे. कलाशाळा १८५७ सालची. तीत ह्या कलेचा स्वतंत्र वर्ग १९३५ साली निघाला आणि व्ही. एन. आडारकर ह्यांच्या हाताखाली तो वाढला. १९६१ साली त्याची निराळी संस्था झाली. त्याच वर्षी अहमदाबादेस राष्ट्रीय अभिकल्प संस्था निघाली आणि १९६९ साली मुंबईच्या आय. आय. टी.त वर सांगितलेले केंद्र. आज पदवीचा अभ्यासक्रम बहुधा चार वर्षांचा असतो आणि प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. आपल्या राज्याच्या प्रवेशपरीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र असे विषय असतात. हे शब्द ऐकून अनेकांस काही आठवले असेल. होय, शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांचेच हे विषय!

ह्या ग्रेड परीक्षांत आणखी एक प्रश्नपत्रिका असे, 'कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन'. मुलांना ती अगदी नावडती. निसर्गचित्रास डोंगर, नदी, सूर्य असतो. अक्षरलेखनात पट्टी, पेन्सिल आणि मान मोडेपर्यंत रेघा. पालकांचे तर सारे लक्ष दहावीस मिळणाऱ्या वाढीव गुणांवर. गुण मिळाले, की रंगांची पेटी माळ्यावर. आणि मीही त्या अक्षरलेखनास उरलासुरला तास देत असे, हे कबूल केले पाहिजे.

मघाशी जे कारण राखून ठेवले ते हेच. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. चित्रे बेताचीच, पण अक्षर असे, की फळ्यावरचा सुविचार रोज त्यानेच लिहावा. शिकविल्यावाचून त्याला कळे, की 'रा' आणि 'म' ह्यांतले अंतर पट्टीने मोजावयाचे नसते, डोळ्याने मोजावयाचे असते. बोरू दिला, तर पहिल्याच दिवशी त्याने टोकाची कापणी तिरपी का असते हे मला विचारले. त्याच्या वडिलांनी मला हाच प्रश्न केला आणि मी माझे पाठ उत्तर दिले: "छंद म्हणून ठीक आहे, पोटासाठी काही तांत्रिक शिकवा." मुलगा कारखान्यात लागला. काही वर्षांनी तो कारखाना बंद पडला आणि त्याने फ्लेक्सचे फलक छापण्याचे दुकान टाकले.

गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाची पाटी करावयास मी त्याच्याच दुकानी गेलो. पडद्यावर 'वाचनालय' उमटले. पण 'ल' हिंदी वळणाचा. आपला मराठी 'ल' दोन पाकळ्यांचा, हे राज्य शासनाने २००९ साली वर्णमालेचे प्रमाण रूप ठरविताना स्पष्ट केलेले आहे. त्याच्या ते ध्यानी माझ्याआधी आले. "गुरुजी, हा ल आपला नव्हे. पण मशीनमध्ये हाच आहे." वस्तुतः आजच्या पुष्कळ अक्षरसंचांत दोन्ही रूपे असतात, मराठी रूप कसे मागवावे हे ठाऊक असावे लागते, इतकेच. त्याला ते कोणी शिकविले नव्हते. त्याने एक कागद ओढला आणि पेन्सिलने 'ल' काढला. तोच जुना, डौलदार 'ल'. मग हसून म्हणाला, "शिकलो असतो, तर मशीनमधला ल मीच केला असता."

हे त्याने सहज म्हटले, तक्रार म्हणून नव्हे. आणि ते काही अशक्य कोटीतले नव्हते. रघुनाथ कृष्ण जोशी ह्यांनी हेच केले. जाहिरातीच्या धंद्यातून ते अध्यापनात आले, लेखणी आणि कुंचला हाती धरून विद्यार्थ्यांना अक्षर शिकविले आणि संगणकावर कोट्यवधी लोक ज्यात मराठी-हिंदी वाचतात तो 'मंगल' अक्षरसंच घडविला. २०२० साली निवर्तलेले कमल शेडगे ह्यांनी वर्तमानपत्रांतील नाटकांच्या जाहिरातींत नाटकाचे नाव असे लिहिले, की तिकीट काढण्यापूर्वीच नाटकाची जात कळावी. दलालांची मुखपृष्ठे तर आपल्या घराघरांतल्या दिवाळी अंकांवर होती.

हे सारे मी त्या गृहस्थांस सांगितले. गोड तेवढेच सांगितले असे नाही. पहिली दोन-चार वर्षे पगार बेताचा असतो, गिऱ्हाईक दहादा काम बदलावयास लावते, आणि आता तर सांगितलेले चित्र क्षणात काढून देणारी यंत्रे आली आहेत. त्यांचे जोडाक्षर आज पुष्कळदा अडखळते. उद्या अडखळणार नाही. जो केवळ संगणकाची बटणे शिकला त्याची जागा ते यंत्र घेईल, ह्यात मला शंका नाही. म्हणून तीन महिन्यांत सॉफ्टवेअर शिकवून नोकरीची हमी देणाऱ्या वर्गांच्या फलकांपासून मी त्यांना सावध केले. (त्या फलकांवरचा 'ल' पाहण्यासारखा असतो.) संस्था पाहावयास जाल तेव्हा इमारत पाहू नका, पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वह्या मागा, त्यांत हाताने काढलेली अक्षरे किती आहेत, पुसून पुन्हा काढलेली किती आहेत, ते पाहा, आणि देवनागरी शिकविणारा कोणी आहे की सगळा कारभार रोमन लिपीतच चालतो, हे विचारा. मुलीसही एक अट घातली: प्रवेशपरीक्षेपर्यंत रोज एक पान अक्षरे.

तिने ती पाळली. पुढच्या एका रविवारी आम्ही तिघे पांडवलेण्यांवर गेलो. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. टाकीने दगडात खोदलेली ती अक्षरे ओळ न सोडता कशी चालली आहेत, ते ती वहीत उतरवून घेत होती. तिचे वडील पायरीवर बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून वीसची नोट काढली, उलटी केली आणि पट्टीवर बोट फिरवीत विचारले, "अगं, ह्यात आपली मराठी कितवी?"

मुलीने वहीतून मान वर केली नाही. "वरून आठवी, बाबा."