कुणाच्या शंभरातले?



मी इंजिनिअर आहे. रोजचे काम सॉफ्टवेअरचे आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या गटाच्या कामाला हातभार. आज मला आकडेवारीच्या एका सॉफ्टवेअरमधल्या एका छोट्या सेटिंगबद्दल बोलायला सांगितले आहे. विषय कोरडा वाटेल, पण या सेटिंगमुळे माझ्या हातून जी चूक झाली तिथूनच सुरुवात करतो.

आपण डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याची शिबिरे घ्यायचे ठरवले होते. कुठे किती कार्यकर्ते पाठवायचे, कुठे वारली बोलणारी मुले लागतील, हे ठरवण्यासाठी मी 2011 च्या जनगणनेचे आकडे घेतले आणि टॅब्लोमध्ये एक तक्ता केला. पालघर जिल्ह्याचे आठ तालुके एकाखाली एक, आणि समोर दोन रकाने : आदिवासी आणि इतर. आकड्यावर राइट-क्लिक केले, क्विक टेबल कॅल्क्युलेशनमध्ये जाऊन पर्सेंट ऑफ टोटल निवडले. डहाणू सुमारे 69 टक्के, तलासरी सुमारे 90 टक्के. उत्तर बरोबर होते.

मग पोस्टर करायची वेळ आली. आठ तालुक्यांची नावे आडवी छान बसतील म्हणून मी ओळी आणि रकान्यांची अदलाबदल करणारे बटण दाबले. शीर्षक तेच ठेवले, ‘तालुक्यातील आदिवासींचे प्रमाण’. पोस्टरवर तलासरीसमोर 12.5 टक्के आले आणि डहाणूसमोर जवळजवळ 25. रात्र झाली होती, मी तपासले नाही. त्याच पोस्टरवरून बैठकीत ठरले की वारली बोलणारी दोन्ही मुले डहाणूच्या शिबिराला जातील. तलासरीला एकही नाही.

पोस्टर लावल्यावर तलासरीची एक कॉलेजातली मुलगी त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग मला म्हणाली, “दादा, आमच्या तालुक्यात आदिवासी साडेबारा टक्के, तर मग बाकीचे साडेसत्त्याऐंशी कोण?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. तिने कधी टॅब्लो उघडले नव्हते, पण ती आपल्या पाड्यावरून, शाळेतून, बाजारातून शंभर माणसे डोळ्यांसमोर आणू शकत होती. मी ते केलेच नव्हते.

आता यंत्राने काय केले ते समजून घेऊ. टक्का म्हणजे शेकडा, शंभरामागे किती. कुठलाही टक्का काढायचा तर यंत्राला आधी ‘शंभर’ कशाला म्हणायचे ते ठरवावे लागते. तुम्ही सांगितले नाही तर ते स्वतः ठरवते. टॅब्लोमध्ये मूळ सेटिंग बहुधा ‘टेबल अक्रॉस’ असते, म्हणजे डावीकडून उजवीकडे आडवी बेरीज घ्यायची आणि तिला शंभर धरायचे. माझ्या पहिल्या तक्त्यात आडव्या ओळीत एकाच तालुक्यातले आदिवासी आणि इतर होते, म्हणून शंभर म्हणजे तो तालुका. अदलाबदल केल्यावर आडव्या ओळीत आठही तालुक्यांतले आदिवासी आले, म्हणून शंभर म्हणजे जिल्ह्यातले सगळे आदिवासी. यंत्राने दोन्ही वेळा एकच काम इमानाने केले. ते तक्त्याचा आकार बघते, माझ्या मनातला प्रश्न त्याला दिसत नाही.

तलासरीची लोकसंख्या 2011 मध्ये 1,54,818 होती. त्यात आदिवासी सुमारे 1 लाख 40 हजार. या एकाच आकड्याचे तीन टक्के निघतात. तालुक्याच्या लोकसंख्येत तो सुमारे 90 टक्के. जिल्ह्यातल्या सुमारे 11 लाख 18 हजार आदिवासींमध्ये सुमारे 12.5 टक्के. आणि जिल्ह्याच्या एकूण 29,90,116 लोकसंख्येत 4.7 टक्क्यांच्या आसपास. यातला एकही आकडा खोटा नाही. शिबिरात कोणती बोली लागेल, हा प्रश्न असेल तर 90 बघायचा. जिल्ह्यासाठी छापलेले आदिवासी शिष्यवृत्तीचे अर्ज आठ तालुक्यांत वाटायचे असतील तर 12.5 उपयोगी पडेल. मी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाच्या शीर्षकाखाली छापले, ही माझी चूक.

यावर उपाय सोपा आहे. क्विक कॅल्क्युलेशनवर थांबू नका, स्वतःचे कॅल्क्युलेटेड फील्ड बनवा. सूत्र असे : लोकसंख्येची सम भागिले त्याच समचे टोटल. टोटल हे टेबल कॅल्क्युलेशन असल्यामुळे सूत्र लिहायच्या खिडकीत खाली उजवीकडे ‘डिफॉल्ट टेबल कॅल्क्युलेशन’ अशी लिंक दिसते. ती उघडा. तिथे कम्प्यूट युजिंगमध्ये ‘ऑटोमॅटिक’ न ठेवता फील्डचे नाव निवडा. आदिवासी आणि इतर अशी विभागणी ज्यात आहे ते ‘गट’ हे फील्ड निवडले, की प्रत्येक तालुका आपापला शंभर होतो. ‘तालुका’ निवडले, की प्रत्येक गटाची जिल्ह्यातली बेरीज शंभर होते. दोन्ही निवडली तर सगळा तक्ता मिळून शंभर. आता ओळी-रकाने कितीही फिरवा, उत्तर फिरणार नाही, कारण आपण दिशा सांगितलेली नाही, फील्ड सांगितले आहे. हे फील्ड नव्या तक्त्यात ओढले तरी ही निवड त्याच्याबरोबर येते.

फील्डला नाव देतानाही शंभर कुणाचे ते नावातच लिहा. ‘टक्के’ असे नाव देऊ नका. ‘तालुक्याच्या लोकसंख्येतील टक्के’ असे द्या. नाव लांब झाले तरी चालेल. आणि एका सूत्रात दुसरे टेबल कॅल्क्युलेशन असेल, तर दोघांची सेटिंग वेगवेगळी असते. दोन्ही तपासा. एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये हेच ‘शो व्हॅल्यूज ॲज’मध्ये आहे. ग्रँड टोटल, कॉलम टोटल, रो टोटल यांपैकी एक तिथे आपल्यालाच निवडावे लागते, म्हणून थोडा विचार होतो. टॅब्लो लगेच उत्तर देते, म्हणून विचार राहून जातो.

दुसरा खड्डा फिल्टरचा. वसई तालुक्याची लोकसंख्या 13,43,402, म्हणजे जिल्ह्याच्या जवळपास 45 टक्के. समजा, ‘आपल्याला ग्रामीण भाग बघायचा आहे’ म्हणून तुम्ही साध्या फिल्टरने वसई काढली. टेबल कॅल्क्युलेशन फिल्टरनंतर होते, त्यामुळे शंभरमधूनही वसई जाते. तलासरीचा जिल्ह्यातला वाटा 5.2 टक्क्यांवरून 9.4 होतो, डहाणूचा 13.4 वरून 24.4. एकही माणूस इकडचा तिकडे झालेला नाही. वसई फक्त नजरेआड करायची असेल आणि हिशोबात ठेवायची असेल, तर तिच्या नावावर राइट-क्लिक करून ‘हाइड’ वापरा. हाइड केलेली ओळ दिसत नाही, पण बेरजेत राहते. हिशोबातूनच काढायची असेल तर फिल्टर वापरा, पण तक्त्याखाली ‘वसई वगळून’ असे लिहा.

असे फक्त सॉफ्टवेअरमध्येच होते असे नाही. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. 2011 ची जनगणना झाली तेव्हा डहाणू आणि तलासरी ठाणे जिल्ह्यात होते आणि त्या जिल्ह्याची लोकसंख्या 1,10,60,148 होती. त्या शंभरात तलासरी सुमारे 1.4 टक्के, पालघरच्या शंभरात 5.2. माणसे तीच, पाडे तेच. आणि पालघर जिल्ह्यात आदिवासी सुमारे 37 टक्के, हे वाक्य बरोबर असले तरी ते तलासरीचे वर्णन नाही आणि वसईचेही नाही. जिल्ह्याच्या सरासरीवर योजना आखली तर ती दोघांनाही बसणार नाही.

आपल्या समाजाबद्दलच्या चर्चेतही हा गोंधळ मी नेहमी ऐकतो. सच्चर समितीचा अहवाल 2006 चा. त्यात 2001 च्या जनगणनेवरून दोन आकडे येतात : मुसलमान 13.4 टक्के आणि मुसलमानांमधील साक्षरता 59.1 टक्के. पहिल्यात शंभर म्हणजे देशातली सगळी माणसे. दुसऱ्यात शंभर म्हणजे फक्त मुसलमान, आणि त्यातही सात वर्षांवरचे. म्हणून 59.1 ची तुलना 13.4 शी करायची नाही. ती देशाच्या 65.1 टक्के साक्षरतेशी करायची. सभेत कुणी टक्का फेकला, मग तो आपल्या बाजूचा असो वा विरोधातला, तर आधी विचारा, हे कुणाच्या शंभरातले? आपल्या बाजूचा असेल तर जास्त जोरात विचारा. चुकीचा टक्का पकडला गेला की त्याच्याबरोबर आपली खरी तक्रारही बाजूला टाकली जाते.

या भागात हा प्रश्न नवा नाही. 1945 मध्ये तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध आणि मजुरीसाठी लढा दिला, शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. त्यात गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न मोठा होता. मजुरी किती, हा अर्धाच प्रश्न. किती वजनाच्या गवतामागे, हा दुसरा अर्धा. तो ज्याने ठरवायचा, हिशोब त्याच्या हातात.

शेवटी तीन गोष्टी सांगतो, त्या वहीत लिहून घ्या. यंत्र उघडण्याआधी आपला प्रश्न पूर्ण वाक्यात कागदावर लिहा, ‘कुणामध्ये किती’ असा. तक्ता झाल्यावर बेरीज कुठे शंभर होते ते बोटाने मोजून बघा, आडवी की उभी. आणि पोस्टर छापण्याआधी, ज्यांच्याबद्दल ते आहे त्यांच्यातल्या एका माणसाला दाखवा. आणखी एक सूचना : टॅब्लो पब्लिक फुकट आहे, पण त्यावर प्रकाशित केलेले सगळ्या जगाला दिसते. अर्जदारांची नावे, जात, फोन नंबर त्यावर कधीही चढवू नका.

आपण ते पोस्टर उतरवले, नवे लावले आणि वारली बोलणाऱ्या दोघांपैकी एकाला तलासरीला पाठवले. ते चुकीचे पोस्टर मी जपून ठेवले आहे आणि आज बरोबर आणले आहे. आता लॅपटॉप उघडा. आठ तालुक्यांची फाइल सगळ्यांकडे आहे. आधी तलासरीचे तीन टक्के काढू, आणि प्रत्येकाने तिन्हींना नाव द्यायचे.