तेलाची पाचर



गेल्या उन्हाळ्यात आमच्या थोरल्या बंधूंच्या विहिरीवरचे डिझेल इंजिन ऐन उसाच्या पाळीत बंद पडले. मिस्त्रीने खोलून दाखवले, तर क्रँकचे बेअरिंग वितळून दांड्याला चिकटलेले. "अरे, आत तेल होतं की!" दादा म्हणाले. होते, पण पट्टीच्या खालच्या खुणेच्याही खाली. इंजिन दुरुस्त होईतो ऊस वाळला.

तेलाने लोखंड बुळबुळीत होते, एवढेच आपण समजतो. खरी गोष्ट निराळी आहे. चांगल्या चालत्या इंजिनात क्रँकचा दांडा बेअरिंगला टेकतच नाही. तो तेलावर तरंगतो!

हे कळले कसे? इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. १८८३ साली ते प्रसिद्ध झाले. तेल सोडण्यासाठी त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडले, तर त्यातून तेल उलट वर येऊ लागले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. मग दाबमापक लावला. बेअरिंगवर भार चौरस इंचाला सरासरी १०० पौंड, आणि तेलाचा दाब २०० पौंडांच्याही वर! १८८६ साली ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी याचे गणित मांडले.

दांडा बेअरिंगच्या भोकापेक्षा किंचित बारीक असतो. थांबला की तो तळाशी टेकतो, आणि बाजूची फट निमुळती होत जाते. दांडा फिरू लागला की अंगाला चिकटलेले तेल त्या फटीत ओढतो. लाकूड फोडताना पाचर ठोकतो ना, तशी ही तेलाची पाचर दांड्याला उचलून धरते. तेलाचा पंप फक्त तेल पोचवतो. मुख्य भार पेलते ती ही पाचर. शिक्षकांनी वर्गात काकवीत काठी गरगर फिरवून दाखवावी. काठीबरोबर काकवीही ओढली जाते.

पण हा थर जिथे सर्वांत पातळ असतो, तिथे तो केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ! म्हणून चार गोष्टी सांभाळा. इंजिन सुरू होताना पाचर तयार झालेली नसते, धातूवर धातू घासतो. तेव्हा लगेच वेग आणि भार वाढवू नका. तापून तेल पातळ होते आणि थर विरतो. म्हणून पाणी खेळते ठेवा, आणि कंपनीने सांगितलेल्याच जातीचे तेल घाला. मातीचा कण थरापेक्षा जाड असतो, तो बेअरिंग ओरबाडतो; म्हणून तेल वेळेवर बदला. आणि रोज हँडल मारण्यापूर्वी तेलाची पट्टी पाहा.

दादा आता पट्टी पाहिल्याशिवाय हँडलला हात लावीत नाहीत. पण हा धडा त्यांना एका उसाच्या पिकाला पडला. तुम्हाला तो फुकट मिळावा, म्हणून हे दोन शब्द.