पंधरवड्याची राणी

रशियाचा पहिला झार इव्हान चौथा याच्या क्रौर्याच्या कथा आपल्याला ठाऊक आहेत. आज मी बोलणार आहे ती त्याच्या तिसऱ्या राणीबद्दल, मार्फा सोबाकिनाबद्दल. २८ ऑक्टोबर १५७१ रोजी तिचं लग्न झालं आणि १३ नोव्हेंबरला ती वारली.

इव्हानची पहिली राणी अनास्तासिया १५६० साली गेली, दुसरी मारिया १५६९ साली. मग नव्या वधूचा शोध सुरू झाला. राज्यभरातून मुली अलेक्सांद्रोव्हच्या राजवाड्यात आणल्या गेल्या. त्या काळचे परदेशी लेखक दोन हजारांचा आकडा देतात. त्यांतून चोवीस निवडल्या, मग बारा, आणि अखेर एक. वैद्यांनी या मुलींची तपासणी केली. पसंती झारची, मुलीला काय वाटतं, हे विचारायची रीतच नव्हती.

१५७१ च्याच मे महिन्यात क्रिमियाच्या खानाने मॉस्को जाळलं होतं. त्यानंतर सुमारे महिन्याने, २६ जूनला, मार्फाचा वाङ्‌निश्चय झाला. आणि लग्नाआधीच ती आजारी पडली. ती खंगत गेली. दरबारात विषप्रयोगाची कुजबुज सुरू झाली; विष खरंच दिलं गेलं का, हे आजवर सिद्ध झालेलं नाही. इव्हानने देवावर भरवसा ठेवून, ती बरी होईल या आशेने लग्न लावलंच. मला या कहाणीत सर्वांत जास्त सलतात ते हे चार महिने. तापाने की आणखी कशाने, अंथरुणाला खिळलेली ती मुलगी राणी व्हायच्या तयारीत होती. तिच्या नात्यातल्या पुरुषांना दरबारात मानाच्या जागा मिळत होत्या. तिच्या तोंडचा मात्र एक शब्दही उरलेला नाही.

तिचा आजार नोंदला गेला तो वेगळ्याच कारणासाठी. ऑर्थोडॉक्स धर्मनियमांत तिसरं लग्न जेमतेम चालत असे, चौथ्याला मनाई होती. १५७२ साली चौथ्या लग्नाची परवानगी मागताना इव्हानने धर्मसभेपुढे म्हणणं मांडलं: मार्फा कुमारिकाच राहून गेली, तेव्हा हे लग्न पूर्ण झालंच नव्हतं. सभेने प्रायश्चित्त सांगून परवानगी दिली, आणि इतर कोणी असं केलं तर तो शापित ठरेल, असंही बजावलं. मरणानंतर तिच्या देहाचा हा उपयोग झाला, याचा मला राग येतो.

पुढे लेव्ह मेय यांनी तिच्यावर नाटक लिहिलं आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी त्यावरून ‘झारची वधू’ हा ऑपेरा रचला. तो १८९९ साली मॉस्कोत रंगमंचावर आला. त्यातल्या मार्फाचं एका तरुणावर प्रेम आहे, तिला विष दिलं जातं, पुढे वेड लागतं, आणि शेवटच्या अंकात ती गाते. हे सारं कल्पित आहे. तरी तो ऑपेरा जरूर ऐका. तिथे एकदा तरी तिचं म्हणणं तिच्याच तोंडून ऐकू येतं.