जुबिलीचा अर्थ आणि आमचा कापूस

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



आज आपण आपल्या धर्मग्रामाचा सुवर्णमहोत्सव साजरा करीत आहों. पताका, वाद्यें, मिस्साबलिदान, स्नेहभोजन हें सर्व योग्यच आहे. परंतु पन्नासाव्या वर्षाचा हा सण पवित्र शास्त्रांत कशासाठीं नेमिला आहे, तेंही ध्यानांत घेतलें पाहिजे. लेवीयाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत परमेश्वर मोशेस सांगतो कीं, त्या वर्षीं शिंग फुंकावें, हातची गेलेली जमीन मूळ घराण्यास परत द्यावी आणि दास्यांत पडलेल्यास मोकळें करावें. खरेदी-विक्रींत एकानें दुसऱ्यास नाडूं नये, ही आज्ञाही त्याच अध्यायांत आहे. अर्थात् जुबिली जशी देवळाची, तशीच ती बाजाराचीही आहे. म्हणून आज आम्ही कापसाच्या बाजाराविषयीं बोलूं इच्छितों.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील खामगांव ही वऱ्हाडांतील कापसाची नामांकित पेठ. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तेव्हां तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचें लक्ष आपल्या काळ्या जमिनीकडे वळलें. भाव चढले, युद्ध संपतांच ते कोसळले. चढण्यांत येथील शेतकऱ्याचा गुण नव्हता, उतरण्यांत त्याचा दोष नव्हता. १८७० सालीं जलंब-खामगांव हा रेल्वेचा फांटा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ह्यांच्या हस्तें खुला झाला. त्याच सालीं न्यूयॉर्क येथें कापसाचा सट्टाबाजार स्थापन झाला. येथें माल नेण्याची वाट झाली, तेथें भाव ठरविण्याची जागा झाली. शेतकऱ्यास मात्र दोन्हीकडे आसन नव्हतें.

आजही तें नाहीं. बियाणें, खत, औषध घेतांना भाव दुकानदार सांगतो. कापूस विकतांना भाव व्यापारी सांगतो. सरकारनें २०२५-२६ च्या हंगामास लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागें ८,११० रुपये ठरविला. आणि त्याच हंगामाच्या तोंडावर, ऑगस्ट २०२५ मध्यें, परदेशी कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ झालें. ती माफी पुढें डिसेंबरअखेरपर्यंत वाढविण्यांत आली. शिवाय हमीभावाच्या केंद्रावर १२ टक्क्यांहून अधिक ओलाव्याचा कापूस घेत नाहींत. ज्याच्या दारीं सावकार उभा आहे, त्यानें कापूस वाळेपर्यंत थांबावें कसें? तो खेडा-खरेदीच्या व्यापाऱ्यास मिळेल त्या भावानें माल घालून मोकळा होतो.

हा अन्याय केवळ आपल्याच गांवचा नव्हे. अमेरिकेचें सरकार आपल्या कापूसवाल्यांस भरघोस अनुदान देतें. त्यायोगें जगाचा भाव दबतो. ह्याविरुद्ध ब्राझीलनें २००२ सालीं जागतिक व्यापार संघटनेंत दाद मागितली. २००३ सालीं बेनिन, बुर्किना फासो, चाड व माली ह्या गरीब राष्ट्रांनींही गाऱ्हाणें घातलें. ब्राझील जिंकलें आणि २०१४ सालीं ३० कोटी डॉलर घेऊन तंटा मिटला. मालीच्या किंवा मेहकरच्या शेतकऱ्याच्या हातीं त्यांतली भरपाई आली नाहीं. दरम्यान विदर्भांत काय घडलें, हें आपण जाणतां. २००६ च्या जुलैंत पंतप्रधानांनीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटींची मदत जाहीर केली. त्या सहांत आपला जिल्हा होता.

बंधुभगिनींनो, दान हें न्यायाच्या जागीं बसवितां येत नाहीं. पोप तेरावे लिओ ह्यांनीं १८९१ च्या 'रेरुम नोव्हारुम' ह्या परिपत्रकांत शिकविलें कीं, गरजेपोटीं मजुरानें अपुरी मजुरी कबूल केली, एवढ्यानें ती न्याय्य ठरत नाहीं. पोप सहावे पॉल ह्यांनीं १९६७ सालीं हेंच तत्त्व राष्ट्राराष्ट्रांच्या व्यापारास लावलें: दोन्ही पक्ष समबल नसतील, तर केवळ संमतीनें सौदा न्यायाचा होत नाहीं. मेक्सिकोच्या डोंगरांतील कॉफी-उत्पादकांमध्यें राहणारे डच धर्मगुरू फ्रान्स व्हान डर होफ ह्यांनीं ही शिकवण आचरणांत आणिली. तेथील गरीब शेतकऱ्यांच्या सहकारी संघाचा माल न्याय्य भावानें युरोपांत विकला जावा म्हणून १९८८ सालीं हॉलंडांत 'मॅक्स हॅवेलार' ही खूण निघाली, तींत त्यांचा हात होता. एकेकटा शेतकरी दलालापुढें दुबळा होता. संघ झाल्यावर त्याच्या शब्दास वजन आलें.

मग आपण काय करावें? न्यूयॉर्कचा भाव आपल्या हातीं नाहीं. आपल्या अंगणांतला काटा आहे. आपल्या शेतांत वेचणीस येणाऱ्या बायकांचा कापूस सायंकाळीं पुरा तोलावा, मजुरी त्याच दिवशीं द्यावी. अडकवून ठेवलेली मजुरी देवापाशीं ओरडते, असें संत याकोब धनवंतांस बजावतात. चार एकरांचा धनीही त्या बाईपुढें धनवंतच होय. दुसरें, दहा घरांनीं मिळून कापूस वाळवावा, मिळून साठवावा, मिळून विकावा. त्यांत निकडीच्या घरास बाकीच्यांनीं महिनाभर हात द्यावा, म्हणजे गरजेपायीं त्यास माल टाकावा लागणार नाहीं. तिसरें, कर्जाची लाज धरून कोणी एकटें राहूं नये. ज्या घराची चूल दोन दिवस शांत दिसेल, तेथें शेजाऱ्यानें बोलावण्याची वाट न पाहतां जावें. आमचेंही दार रात्रीं-अपरात्रीं उघडें आहे.

पन्नास वर्षांपूर्वीं आपल्या वडीलधाऱ्यांनीं हें देऊळ उभारिलें. पुढील पिढीनें आपणांविषयीं असें म्हणावें कीं, ह्यांनीं काटाही सरळ केला. पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांचा आशीर्वाद आपणां सर्वांवर असो. आमेन.