तरुणांची पत : ती कशी मिळवावी व कशी राखावी

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



तरुण मंडळींस उपयोगी पडेल अशा एखाद्या व्यावहारिक विषयावर मीं आज बोलावें, अशी चालकांची आज्ञा झाली. महोत्सवाच्या प्रसंगीं वाडवडिलांचें स्मरण करणें उचितच आहे. त्यांनीं घर, वाडी, विहीर, दागिने मागें ठेवले, तर तीं मुलांकडे वारशानें येतात. परंतु त्यांच्यापाशीं आणखी एक धन होतें, तें मात्र वारशानें येत नाहीं. तें म्हणजे त्यांची पत. ती ज्याची त्यानेंच मिळवावी लागते. म्हणून मीं हा विषय निवडला आहे.

पत म्हणजे श्रीमंती, असा पुष्कळांचा समज असतो. पण तो बरोबर नाहीं. ज्याच्या घरीं पैसा आहे, पण घेतलेलें परत करण्याची ज्याची रीत नाहीं, त्याला दुकानदार दुसऱ्या खेपेस उधार देत नाहीं. उलट, ज्याची मिळकत बेताची आहे, पण ज्यानें सांगितलेला वायदा कधीं चुकविला नाहीं, त्याला तो "न्या, मग द्या" असें म्हणतो. सारांश, आपण पाळलेल्या शब्दांची दुसऱ्यानें ठेवलेली आठवण म्हणजे पत.

पूर्वीं ही आठवण गांव ठेवीत असे. वाण्याच्या वहींत ती असे, सावकाराच्या ओटीवर असे, आणि विहिरीवरच्या बोलण्यांतहि असे. अमक्याचा मुलगा, तमक्याचा जांवई, एवढ्यावर व्यवहार होत. या पद्धतींत एक सोय होती व दोन मोठे दोष होते. सोय ही कीं, माणूस ओळखीचा असल्यामुळें त्याची अडचण समजून घेतली जाई. दोष हे कीं, सावकार सांगेल तें व्याज निमूटपणें द्यावें लागे. आणि ज्याच्या बापानें शब्द मोडला, त्याच्या प्रामाणिक मुलालाहि दार बंद होई.

सावकारी व्याजावर उपाय शोधणाऱ्यांत जर्मनीचा फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन हा प्रमुख होता. त्यानें १८६४ सालीं हेडेसडोर्फ येथें शेतकऱ्यांची पतपेढी काढली. गरीब शेतकरी एकटा असला तर त्याच्यापाशीं तारण नसतें; परंतु शेजारी एकमेकांस ओळखतात, त्यांनीं एकत्र येऊन एकमेकांच्या कर्जाची जबाबदारी पत्करली तर ती ओळखच तारण होते, हें त्या पेढीचें तत्त्व. हिंदुस्थानांत १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, आणि १९०५ सालीं, त्या वेळच्या मुंबई इलाख्यांत, गदगजवळील कणगिनहाळ येथें अशी पेढी निघाली. आपल्या वसईंत १९१८ सालीं मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनीं सहकारी पतपेढी स्थापन केली. तीच आज बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक या नांवानें सर्वांस ठाऊक आहे. गांवाची ओळख कागदावर आणून तिला स्वस्त व्याजाचा आधार देणें, हें या संस्थांचें मोठें कार्य होय.

परंतु आजच्या तरुणाचा व्यवहार गांवापुरता राहिलेला नाहीं. नोकरी अंधेरीस, राहणें विरारला, आणि कर्ज मंजूर करणारा अधिकारी तिसऱ्याच शहरांत! त्या अधिकाऱ्यानें ना आपला आजा पाहिला, ना आपली वाडी. मग त्यानें कोणाच्या आठवणीवर विसंबावें? यासाठीं पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांच्याविषयींचा कायदा २००५ सालीं झाला. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालीं अशा चार कंपन्या आपल्या देशांत काम करितात : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन व सीआरआयएफ हाय मार्क. कोणी किती कर्ज घेतलें, कोणता हप्ता वेळेवर भरला, कोणता किती दिवस थकला, हें बँका या कंपन्यांस कळवितात. जानेवारी २०२५ पासून तर दर पंधरवड्यास कळविण्याचा नियम लागू झाला. त्यावरून प्रत्येकाचा ३०० ते ९०० यांमधील एक गुणांक काढतात. लोक त्यास सरसकट "सिबिल स्कोअर" म्हणतात.

ही नवी वही एका अर्थानें जुन्या वहीपेक्षां न्यायी आहे. गुणांक काढतांना ती बापाची अब्रू जमेस धरीत नाहीं, आणि बापाची बदनामी मुलाच्या नांवें टाकीत नाहीं. पण दुसऱ्या अर्थानें ती कठोर आहे. तिला कारण समजत नाहीं, फक्त तारीख समजते. आई इस्पितळांत होती म्हणून हप्ता राहिला, कीं सिनेमा-नाटकांत पैसे उडाले म्हणून राहिला, हा भेद तिच्यांत लिहिला जात नाहीं.

आणखी एक गोष्ट तरुणांनीं नीट ध्यानांत धरावी. बचतखात्यांतली शिल्लक व मुदतठेव यांची नोंद या वहींत नसते. म्हणून ज्यानें काटकसरीनें पैसा जमविला, कोणाचा एक पैसाहि कधीं घेतला नाहीं, असा सद्गुणी मुलगा घरासाठीं कर्ज मागावयास जातो, तेव्हां त्याच्या नांवापुढें गुणांकच नसतो. तो वाईट ठरत नाहीं, पण अनोळखी ठरतो. पहिल्यानेंच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ पूर्वीची नोंद नाहीं एवढ्याच कारणानें नाकारूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें बँकांस सांगितलें आहे, आणि २०२५ सालीं केंद्र सरकारनें लोकसभेंत त्याचा पुनरुच्चारहि केला. तथापि, दार बंद करूं नये असें सांगणें निराळें आणि आंत बसवून आदरानें विचारणें निराळें. अनोळखी माणसास बँक अधिक कागद मागते, जामीन मागते, किंवा व्याज चढें लावते.

त्या चढ्या व्याजाची किंमत काय होते, तें पाहा. वीस लक्ष रुपये वीस वर्षांच्या मुदतीनें घेतले व व्याज साडेआठ टक्के असलें, तर महिन्याचा हप्ता सुमारें १७,३५६ रुपये येतो. तेंच व्याज साडेनऊ टक्के झालें, तर हप्ता सुमारें १८,६४२ रुपये होतो. महिन्यास १,२८६ रुपयांचा फरक म्हणजे फार नव्हे, असें वाटेल. परंतु २४० हप्त्यांत तो तीन लक्षांच्या वर जातो. एका मुलाचें शिक्षण व्हावें एवढी ही रक्कम केवळ पत नसल्यामुळें जाते!

येथें कोणी शंका काढील कीं, मग पत मिळविण्यासाठीं मुद्दाम कर्ज काढावें काय? माझें उत्तर स्पष्ट आहे : गरज नसतां कर्ज काढूं नये. परंतु जो व्यवहार आपण करणारच आहों, तो आपल्या नांवानें, लहान प्रमाणांत व लवकर सुरू करावा. पहिला पगार हातीं आल्यावर बँकेंत लहानशी मुदतठेव ठेवावी व तिच्या तारणावर मिळणारें क्रेडिट कार्ड घ्यावें, हा सुरुवातीचा एक सुरक्षित मार्ग आहे. त्यावर विजेचें बिल, रेल्वेचा पास एवढाच खर्च करावा. मिळालेल्या मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आंत राहावें. आणि महिनाअखेर संपूर्ण रक्कम फेडावी. "किमान देय रक्कम" भरून समाधान मानणारे फसतात. अनेक बँका उरलेल्या रकमेवर दरमहा तीन टक्क्यांहून अधिक व्याज लावतात; म्हणजे वर्षाचे छत्तीस टक्क्यांच्या वर झाले. सावकाराची आठवण व्हावी असाच हा दर आहे. ज्यांनीं शिक्षणासाठीं कर्ज घेतलें आहे, त्यांची पत तर तेथूनच सुरू झाली आहे. अभ्यासक्रम संपल्यावर हप्ते कोणत्या महिन्यापासून लागणार, हें त्यांनीं आजच कागदावरून पाहून ठेवावें. त्या कर्जांत बहुधा आईबाप सहकर्जदार असतात. मुलाची थकबाकी त्यांच्याहि नांवावर लिहिली जाते.

दुसरी गोष्ट तारखेची. हप्त्याच्या दोन दिवस आधीं खात्यांत पैसे असावेत. थकलेले दिवस मोजून लिहिले जातात, आणि नव्वद दिवसांवर थकबाकी गेली कीं बँक तें खातें अनुत्पादक ठरविते. या नोंदी कंपन्यांनीं निदान सात वर्षें जपून ठेवावयाच्या असतात. म्हणून नोकरी सुटली, आजार आला, तर तोंड लपवूं नये. हप्ता चुकण्यापूर्वींच बँकेंत जाऊन मुदत वाढवून मागावी. आधीं येऊन सांगणाऱ्याचें म्हणणें अधिकारी ऐकून घेतो. तीन महिने न दिसलेल्या माणसाविषयीं त्याच्या हातीं कांहीं उरत नाहीं.

तिसरी गोष्ट. एका आठवड्यांत पांच बँकांकडे अर्ज करूं नयेत. प्रत्येक अर्जाची चौकशी वहींत उमटते, आणि हा मनुष्य पैशासाठीं धांवाधांव करीत आहे असा तिचा अर्थ लावला जातो. आपली नोंद आपण पाहिल्यानें मात्र गुणांक घटत नाहीं.

चौथी गोष्ट हातांतल्या फोनची. "आतां घ्या, मग पैसे द्या" असें म्हणून जोडे, कपडे व फोन विकतात. तेंहि बहुधा कर्जच असतें व त्याचीहि नोंद होते. दोन हजारांची उधारी विसरली, म्हणून पुढें वीस लक्षांचें कर्ज अडावें, हें शहाणपण नव्हे. फोनवर कर्ज देणाऱ्यामागें रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली कोणती संस्था आहे, तें आधीं पाहावें. ऑक्टोबर २०२४ पासून अशा संस्थांनीं व्यक्तींस कर्ज देतांना सर्व खर्च धरून वर्षाचा दर सांगणारें पत्रक द्यावयाचें असतें. तें वाचल्यावांचून होकार देऊं नये.

पांचवी गोष्ट वडीलधाऱ्या मंडळींनींहि ऐकावी. आपल्या समाजांत जामीन राहणें हें नात्याचें कर्तव्य समजतात. मेहुण्यानें विचारलें, शेजाऱ्यानें विचारलें, नाहीं कसें म्हणावें? परंतु १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाप्रमाणें, करारांत निराळें ठरलें नसेल तर, जामिनाची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. तो चुकला तर वसुली आपल्यावर येते, व आपल्या पतीस डाग लागतो. म्हणून जें कर्ज प्रसंगीं स्वतः फेडण्याची आपली तयारी असेल, त्यालाच जामीन राहावें. इतर वेळीं नम्रपणें नकार द्यावा. आणि हातून होत असेल ती थोडी रक्कम उघडपणें मदत म्हणून द्यावी. त्यानें नातें टिकतें. जामीनकीनें तुटलेलीं घरें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत.

सहावी गोष्ट. कर्ज फिटलें कीं "येणें बाकी नाहीं" असा दाखला बँकेकडून घेऊन ठेवावा. थकलेल्या कर्जांत थोडी सूट घेऊन प्रकरण मिटविलें, तर वहींत तें "फिटलें" असें न लिहितां "तडजोड झाली" असें लिहितात, व पुढील बँक त्याकडे संशयानें पाहते. वर्षांतून एकदां आपला संपूर्ण अहवाल प्रत्येक कंपनीकडून विनामूल्य मिळण्याचा आपणांस हक्क आहे. नांव, पत्ता, न घेतलेलें कर्ज, असें कांहीं चुकीचें आढळलें तर लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत तिचा निकाल लागला नाहीं, तर एप्रिल २०२४ पासून दर दिवसास शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम आहे.

शेवटीं, आमच्या भगिनींविषयीं एक शब्द. पुष्कळ घरांत स्त्रीच हिशेब राखते, बाजारांत फुलें-भाजी विकून तीच हप्त्याचे पैसे जमविते. परंतु कर्ज नवऱ्याच्या नांवावर, म्हणून पतहि त्याचीच. ती विधवा झाली, किंवा तिनें शिवणयंत्रासाठीं पैसे मागितले, कीं तीस वर्षें इमानानें हप्ते भरणारी ही बाई बँकेला अनोळखी ठरते. हें आपण सुधारूं शकतों. मुलीच्या पहिल्या पगाराबरोबर तिच्याहि नांवाचा व्यवहार सुरू करून द्या. आणि घराच्या कर्जांत पत्नीचें नांव सहकर्जदार म्हणून घाला, मात्र तिला कागद वाचून व समजावून देऊन.

मित्रहो, १९१८ सालीं ज्यांनीं पतपेढीचे भाग घेतले, त्यांच्यापाशीं मोठें भांडवल नव्हतें. शब्द देण्याची व तो पाळण्याची संवय हेंच त्यांचें भांडवल. वही बदलली, लिहिणारा बदलला. ती संवय मात्र आजहि तितकीच उपयोगी आहे. पंचविशीच्या आंतल्या ज्या मुलामुलींनीं हें भाषण ऐकलें, त्यांनीं या आठवड्यांत एवढेंच करावें : आपला अहवाल मागवावा, आईबापांसह बसून तो वाचावा, आणि कोणत्या तारखेस कोणाचें काय देणें आहे तें एका कागदावर लिहून भिंतीवर लावावें.