आपल्या चौकातला देखावा
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



पुणे महानगरपालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी स्थापन झाली. २०२५ साली तिला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. शहराचा असा वाढदिवस आला, की चौकाचौकात ऐतिहासिक वास्तूंचे देखावे मांडावेत, असं कुणीतरी सुचवतंच. गणपतीमुळे पुण्याचा त्यात हातखंडा! पुठ्ठ्याचा शनिवारवाडा, प्लायवूडचा लाल महाल, वर रोषणाई. मलाही ते बघायला आवडतं. पण आपल्या गटाने देखावा करायचा, तर काय उभं करायचं?

शहर काय जपतं ते पाहा. मूळचा लाल महाल राहिला नव्हता. आज दिसतो तो महापालिकेने नव्याने बांधलेला. आणि भिडेवाडा? जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली तिथे मुलींची शाळा सुरू केली. तो वाडा वर्षानुवर्षं पडायला आला होता. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, डिसेंबर २०२३ मध्ये वाडा पाडला आणि तिथे स्मारक करायचं ठरलं. आपल्या शाळेची आठवण शहराला इतकी उशिरा झाली.

म्हणून मी म्हणते, आपल्या देखाव्यात भिडेवाडा हवा. १८६३ साली फुले दांपत्याने काढलेलं बालहत्या प्रतिबंधक गृह हवं. फसवल्या गेलेल्या विधवांना तिथे बाळंतपणाला आसरा मिळे. रमाबाई रानड्यांचं सेवासदन हवं. आणि मंडईसुद्धा हवी. नगरपालिकेचे सभासद असताना जोतिरावांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाकडे जावा म्हणून. आज त्याच मंडईला त्यांचं नाव आहे! तिथे भाजी विकणाऱ्या बाईला देखाव्यात जागा नको का?

आता मुद्द्याचं बोलते. देखावे रस्त्यावर मांडायचे, म्हणजे आधी रस्ता 'साफ' करायचा. साफ कोण होतं? गजरेवाली, भाजीवाली, चिंध्या-कागद वेचणारी. एका दिवसाचा धंदा गेला तर तिच्या घरी संध्याकाळी चूल कशी पेटणार? २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण झाल्याशिवाय विक्रेत्यांना उठवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांच्या प्रतिनिधींपैकी एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. हे कलम प्रत्येकीला माहीत हवं.

आणि रोषणाई बघायला रात्री बायका येणार कशा? गल्लीत दिवा नाही, जवळ मुतारी नाही. पुरुष भिंतीकडे तोंड करून मोकळे होतात, आपण दुपारपासून पाणी पीत नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. वॉर्ड ऑफिसात अर्ज देताना तीन गोष्टी एकत्र मागू या: देखाव्याला जागा, पथारीवाल्या बायकांना तिथेच बसायची मुभा, आणि बायकांसाठी पाण्याची सोय असलेलं स्वच्छतागृह. मांडव दोन दिवसांनी उतरेल; स्वच्छतागृह मात्र राहिलं पाहिजे. अर्ज आजच लिहू या. सह्या करायला पुढे या, आणि शेजारणीलाही घेऊन या.