सदरा आमचा, नाव कोणाचे?

(हदगाव येथे युवकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, शेतीचे पाणी आणि रिकाम्या हातांना काम हे ज्या तालुक्याचे नित्याचे प्रश्न आहेत, तेथे खेळाडूंच्या सदऱ्यावर बोलणे काहींना चैनीचे वाटेल. तथापि हा विषय मी जाणीवपूर्वक निवडला आहे. माणसाच्या गरजेचा फायदा घेऊन त्याला लुटता येते, हे आपल्याला सावकाराने शिकवले. माणसाच्या प्रेमाचा फायदा घेऊनही त्याला लुटता येते, हे मात्र आपण अजून पुरते ओळखलेले नाही. खेळाची जर्सी हे त्याचे अगदी डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे. आठवडी बाजारात पाहा, शाळेच्या मैदानावर पाहा. दहा पोरांपैकी दोघाचौघांच्या अंगावर ती असतेच.

प्रथम आपल्या परिचयाच्या क्रिकेटकडे पाहू. भारतीय संघाच्या छातीवर २००१ ते २०१३ या काळात ‘सहारा’ होते. २०१४ साली ‘स्टार’ आले. २०१७ साली ‘ओप्पो’ हा मोबाइल आला. पाच वर्षांसाठी १,०७९ कोटी रुपयांचा करार झाला आणि दोनच वर्षांत ओप्पोने अंग काढून घेतले. २०१९ साली शिकवणीचा धंदा करणारी ‘बायजूज’ आली. पुढे त्याच बायजूजकडे १५८ कोटी रुपयांची थकबाकी असल्याची तक्रार घेऊन क्रिकेट मंडळाला कंपनी न्यायाधिकरणाचे दार ठोठवावे लागले. २०२३ साली ‘ड्रीम इलेव्हन’ आले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आणि तेही गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘अपोलो टायर्स’ आले. म्हणजे २०१७ च्या प्रारंभापासून नऊ वर्षे पुरी होण्याच्या आत एकाच छातीवर पाच नावे! कपडे पुरवणाऱ्या कंपन्याही तशाच बदलल्या. २०२० पर्यंत नायके, मग एमपीएल, २०२३ च्या आरंभी काही महिने किलर आणि त्याच वर्षीच्या जूनपासून आदिदास.

नाव बदलले की अंगातली जर्सी ‘जुनी’ ठरते. कापड विरलेले नसते, शिवण उसवलेली नसते, रंगही उडालेला नसतो. तरीही ती जुनी होते, कारण ती जुनी ठरवली जाते. शेतकऱ्याच्या घरात वस्तू वापरून जुनी होते. बाजारात ती जाहीर करून जुनी होते. या धंद्याचे सारे मर्म एवढ्या एका फरकात आहे.

आता किमतीचा हिशेब मांडू. जून २०२३ मध्ये नवी जर्सी बाजारात आली, तेव्हा खेळाडू घालतात तशा जर्सीची किंमत ४,९९९ रुपये होती. सामान्य चाहत्यासाठी म्हणून काढलेली साधी जर्सी ९९९ रुपयांना होती. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,६२० रुपये होता. म्हणजे एका जर्सीसाठी पाऊण क्विंटल कापूस! महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी त्या वर्षी दिवसाला २७३ रुपये होती. म्हणजे स्वस्तातल्या जर्सीसाठीही मजुराचे जवळजवळ चार दिवस आणि खऱ्या जर्सीसाठी अठरा दिवसांहून अधिक. आणि ही जर्सी असते पॉलिएस्टरची. ज्या जिल्ह्याने उस्मानशाही गिरणीचा भोंगा ऐकला आणि तो बंद पडलेलाही पाहिला, त्या जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्याच्या मुलाने पाऊण क्विंटल कापूस विकून खनिज तेलापासून बनलेला सदरा घ्यावा, यातील विसंगती वेगळी सांगण्याची गरज नाही.

ही तऱ्हा क्रिकेटने फुटबॉलकडून उचलली आहे. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात संघाच्या सदऱ्याची प्रतिकृती मुलांना विकण्याचा उद्योग सुरू झाला. १९७९ साली लिव्हरपूल क्लबच्या छातीवर हिताची या जपानी कंपनीचे नाव आले. त्यानंतर दरवर्षी नवा सदरा निघू लागला. घरच्या मैदानासाठी एक, परक्या मैदानासाठी दुसरा आणि विक्रीसाठी तिसरा. सदरा बनवणारे, विकणारे आणि क्लब संगनमताने किंमत चढी ठेवत असल्याचे तेथील व्यापार-नियामकाने शोधून काढले आणि २००३ साली त्यांना एकूण १ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड ठोठावला. दंड झालेल्यांत मँचेस्टर युनायटेडही होता. चाहत्यांची कुरकुर निव्वळ भावनेची नव्हती, हे त्या निकालाने दाखवून दिले.

परंतु प्रश्न केवळ पैशाचा असता, तर ‘परवडत नाही तर घेऊ नका’ हे उत्तर पुरे झाले असते. ते पुरे होत नाही. साबण महागला तर माणूस दुसरा साबण घेतो. संघ मात्र असा बदलता येत नाही. बापाने ज्या संघासाठी घसा कोरडा केला त्याच संघासाठी मुलगा ओरडतो. या निष्ठेला पर्याय नसतो, आणि पर्याय नसलेले गिऱ्हाईक हे व्यापाऱ्याचे स्वप्न असते. चाहत्याची जी थोरवी, तिलाच बाजाराने त्याची कमजोरी बनवले आहे.

आपल्या पुण्याचे उदाहरण घ्या. २००७ साली पुणे एफसी निघाला, काही वर्षे राष्ट्रीय लीगमध्ये चांगला खेळला आणि २०१५ नंतर मालकांनी तो गुंडाळला. भारत एफसी एकच हंगाम खेळला. २०१४ साली एफसी पुणे सिटी आला, २०१९ साली बंद झाला. त्याची लीगमधील जागा हैदराबादला गेली आणि २०२५ साली हैदराबादचा संघ दिल्लीला हलला. मुंबईत महिंद्र युनायटेडसारखा राष्ट्रीय विजेता संघ २०१० साली मालक कंपनीने विसर्जित केला. या संघांचे सदरे ज्यांनी विकत घेतले, त्यांच्या कपाटात आज अस्तित्वात नसलेल्या संघांचे कपडे आहेत. गिरणी बंद होते तेव्हा निदान कामगाराची देणी देण्याचा कायदा तरी असतो. संघ बंद होतो तेव्हा प्रेक्षकाचे देणे कोणाच्याही खातेवहीत नसते.

मग चाहत्याने हात जोडून बसावे काय? नाही. कोलकात्याच्या मोहन बागानचा इतिहास पाहा. १८८९ सालचा हा क्लब. १९११ साली बहुतांशी अनवाणी खेळणाऱ्या त्याच्या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली आणि पारतंत्र्यातील देशाची मान ताठ झाली. १९९८ साली या क्लबच्या नावापुढे एका दारूचे नाव लागले. २०२० साली ८० टक्के मालकी एका उद्योगसमूहाकडे गेली आणि नाव झाले ‘एटीके मोहन बागान’. हिरवा आणि गर्द तांबडा हे जुने रंग राहिले, पण शंभर वर्षांच्या नावाला सहा वर्षांच्या कंपनी-संघाचे शेपूट पुढून जोडले गेले. समर्थकांनी ते मान्य केले नाही. ‘एटीके हटवा’ ही एकच मागणी त्यांनी मैदानात, रस्त्यावर, फलकांवर तीन वर्षे लावून धरली. मार्च २०२३ मध्ये संघ लीग जिंकला त्याच रात्री मालकांनी ती अक्षरे काढत असल्याचे जाहीर केले. अर्थात नावामागे ‘सुपर जायंट’ ही मालकाच्या क्रिकेट संघाची खूण चिकटलीच. विजय अर्धाच आहे. पण अर्धा विजयसुद्धा लढणाऱ्यालाच मिळतो. ब्रिटनमधील कार्डिफ शहराच्या क्लबचा निळा रंग मालकाने २०१२ साली लाल केला. समर्थकांच्या विरोधापुढे जानेवारी २०१५ मध्ये तो पुन्हा निळा झाला.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. प्रायोजक नसेल तर खेळाडूला पैसा कोठून मिळणार? पूर्वीचे पैलवान आणि खेळाडू म्हातारपणी हलाखीत गेले, ते दिवस परत आणायचे काय? मुळीच नाही. खेळाडूला त्याच्या श्रमाचा मोबदला मिळालाच पाहिजे. प्रायोजकाला माझा विरोध नाही. प्रायोजकाच्या मालकीहक्काला आहे. देवळाला घंटा देणाऱ्याचे नाव घंटेवर कोरतात, त्याच्या नावाने देव बदलत नाहीत. आणि छाती मोकळी राहिली तर खेळ थांबतो हेही खरे नाही. सप्टेंबर २०२५ मधील आशिया चषकात भारतीय संघ छातीवर मुख्य प्रायोजकाचे नाव न घेता उतरला. छातीवर ठळकपणे देशाचे नाव होते. तो चषक भारतानेच जिंकला.

पर्यायही आहेत. जर्मनीत काही अपवाद वगळता क्लबच्या मतांचे बहुमत सभासदांकडेच राहावे असा नियम आहे. केवळ सभासदत्वाने सारे साधते असेही नव्हे. बार्सिलोना हा सभासदांचा क्लब. २००६ साली त्याने छातीवर युनिसेफचे नाव घेतले आणि उलट त्या संस्थेलाच पैसे दिले. पण पाच वर्षांत तेथे कतारच्या प्रतिष्ठानाचे नाव आले. म्हणून नियमाइतकीच जागरूकताही लागते. आपल्या कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार ही संघांची नावे तालमींची आहेत, पेठांची आहेत. तेथील समर्थकांच्या हाणामाऱ्यांचे मी समर्थन करणार नाही. परंतु पेठेचा संघ उचलून दुसऱ्या शहरात नेऊन विकण्याची कल्पना तेथे कोणी करू शकत नाही. कारण तो संघ कोणी काढलेला धंदा नसून तो पेठेचा आहे.

मित्रहो, मागण्या मोठ्या नाहीत. एक, सदरा किमान दोन वर्षे बदलू नये. दोन, मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या सदऱ्यावर जुगाराचे आणि व्यसनाचे नाव नसावे. प्रायोजकाच्या नावाशिवायचा सदराही दुकानात मिळाला पाहिजे. पैसे देऊन वर कंपनीची जाहिरात अंगावर फुकट का मिरवायची? तीन, संघाचे नाव, रंग आणि गाव समर्थकांच्या संमतीविना बदलता येऊ नये. चार, खेळाडूंच्या महागड्या जर्सीशेजारी गरिबाच्या मुलाला परवडेल असा सुती सदरा अधिकृतपणे काढावा. कापूस आपल्याकडे आहे, शिवणाऱ्या बायाही आहेत.

या मागण्या मुंबईत मान्य व्हायच्या तेव्हा होतील. हदगावात मात्र एक गोष्ट उद्यापासून करता येईल. आपल्या गावोगावच्या कबड्डीच्या, टेनिस चेंडूच्या क्रिकेटच्या स्पर्धा कोणाच्या नावाने भरतात? खेळणाऱ्या पोरांच्या छातीवर आणि पाठीवर कोणाचे नाव, कोणाचा फोटो असतो? एका वर्षी एका पुढाऱ्याचा, दुसऱ्या वर्षी त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा, तिसऱ्या वर्षी भूखंड विकणाऱ्याचा. कंपन्यांना नावे ठेवताना हे आपल्या अंगणातले प्रायोजक आपण विसरता कामा नये. सदरा फुकट मिळतो खरा. त्याची किंमत निवडणुकीच्या वेळी वसूल होते. पंधरा पोरांचे सुती सदरे गावच्या वर्गणीतून होऊ शकतात. ते गावच्याच शिंप्याकडून शिवून घ्या, एक रंग ठरवा, तो बदलू नका आणि छातीवर फक्त गावाचे नाव लिहा. मग त्या नावासाठी खेळायचे की नाही, हे कोणाही मालकाला ठरवता येणार नाही.